अंथरूण-पांघरूण आणि मधला पट्टा

रात्री दीड वाजता हेडटॉर्चच्या उजेडात मी माझ्या जादाच्या पायजम्याची नाडी ओढून काढत होते. उत्तराखंडात हर की दूनचा मुक्काम, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. तंबूच्या आतून श्वासाची वाफ गोठून पिठीसाखरेसारखी बसली होती आणि कापडाला जरा डोकं लागलं की ती मानेत पडत होती. शेजारच्या तंबूत दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, ढाराढूर. त्याचं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं आणि त्या घोरण्याचा मला भयंकर राग येत होता.

नाडी कशाला, तर क्विल्ट, म्हणजे अंगावरचं पांघरूण, खालच्या मॅटला बांधायला. त्यासाठी खास पट्टे येतात, क्विल्टबरोबरच आले होते, फक्त ते त्या घटकेला गोव्यात वाळपईच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात होते. मीच ठेवलेले, आणि चांगला विचार करून ठेवलेले. क्विल्ट घेतल्यापासून गोव्यात चार-पाच रात्री वापरली होती, एकदाही पट्टे लागले नव्हते, मग कशाला उगाच ओझं. दोन पट्टे मिळून २८ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले होते. त्याच सॅकमध्ये बेसनलाडवांचा स्टीलचा डबा होता, तो सव्वा किलो भरला, तो घेतला.

ज्यांनी ही भानगड बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. क्विल्ट म्हणजे पाठ नसलेली स्लीपिंग बॅग. स्लीपिंग बॅगेत आपण कोषातल्या किड्यासारखे शिरतो, चारी बाजूंनी पिसं. पण पिसं ऊब देतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि अंगाखाली आली की ती चेपून पापड होतात, हवा जाते, म्हणजे पाठीखालच्या पिसांचं आपण नुसतंच वजन वाहत असतो. जमिनीचा गारवा अडवायचं काम तसंही खालची मॅटच करत असते. मग खालचा भाग कापूनच टाकला, चेन काढली, टोपी काढली, पायाकडे तेवढी एक पिशवी ठेवली आणि बाकीचं नुसतं अंगावर पांघरायचं. अमेरिकेत रे जार्डीन नावाच्या माणसाने १९९० च्या दशकात ही कल्पना लांबच्या वाटा चालणाऱ्यांमध्ये रुजवली, तो आणि त्याची बायको जेनी मिळून पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही सव्वाचार हजार किलोमीटरहून लांब वाट चालले आणि दोघांत एकच घरी शिवलेली क्विल्ट वापरायचे. म्हणजे मूळ शोध काय, तर पांघरूण. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं. आपल्याकडे दुलई आहे, रजई आहे, गोधडी आहे, चौघडी आहे, आमच्या सत्तरी तालुक्यात घराघरात वाकळ आहे, आणि मी ही चीज तीन महिने पैसे साठवून मागवली.

पण वाकळ आणि ही क्विल्ट यांत एक मोठा फरक आहे आणि तो मला त्या रात्री दीड वाजता कळला.

आजीच्या वाकळीला पट्टे नव्हते कारण तिला गरजच नव्हती. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, मध्ये कुणाचा तरी फाटका सदरा, एखादी चादर, आणि सगळ्यांतून बोटभर अंतरावर धावदोरा. अंगावर घेतली की ती खाली बसायची, खांद्याच्या खळग्यात, कमरेपाशी, दोन पायांच्या मध्ये, जिथे जागा मिळेल तिथे. तुम्ही कूस बदला, ती आपली जागेवर. अडीच-तीन किलो सहज असेल, भिजली की दोन बायका लागायच्या पिळायला. चवथीला, म्हणजे गणपतीत, आम्ही पाच भावंडं एका वाकळीखाली झोपायचो, मधले तिघे घामाने निथळत आणि कडेचे दोघे रात्रभर ओढाओढ करत. दादा मोठा म्हणून कायम मधे. मी कायम कडेला. आजी अंधारातूनच ओरडायची, "पाय भितर घे गो, नि नीज गप!" तिला अंधारात माझा पाय बाहेर आहे हे कसं कळायचं देव जाणे.

तर वाकळीचं वजन हाच तिचा पट्टा होता. ते वजन आपण काढून टाकलं, ६०० ग्रॅमवर आणलं, आणि मग ते पांघरूण इतकं हलकं झालं की ते अंगावर आहे की नाही हेच कळत नाही, आणि जे आहे की नाही ते कळत नाही ते सरकलेलंही कळत नाही. मग ते जागेवर राहावं म्हणून पट्टे.

आता गोव्यात याची गरज का पडली नाही. आमचं केरीच्या बाजूला काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे, तिथे वर एक पत्र्याची खोप आहे, डिसेंबर-जानेवारीत मी आणि दादा तिथे रात्री काढतो. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय मुक्काम करता येत नाही, नि करूही नये, म्हणून हे आपलं घरचं. शेकोटी नाही. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात आगी लागल्या, डोंगरच्या डोंगर धुमसताना लांबून दिसत होते, त्यानंतर बाबांनी भाटात काडीसुद्धा ओढायची नाही असा नियमच केला. तर थंडीला तोंड द्यायला फक्त पांघरूण. आणि थंडी म्हणजे तरी काय, चोर्ला घाटाकडून वारा उतरला की पहाटे माझ्या छोट्या थर्मामीटरवर १६, फार तर १५. पणजीहून येणाऱ्या माणसाला ही थंडी वाटते, तिथे हिवाळ्यातही रात्रीचा पारा विशीच्या आसपास रेंगाळत असतो.

अशा रात्री क्विल्ट बांधणं हा शुद्ध गाढवपणा आहे. पहिल्या वेळी मी हौसेने बांधली होती, दोन्ही पट्टे मॅटभोवती, चारी क्लिपा टिच-टिच बसवल्या, आणि साडेअकराला घामाने अंग चिकट. गोव्याची हवा कोरडी कधीच नसते, जानेवारीतही पहाटे दंव इतकं पडतं की काजूच्या पानांवरून पत्र्यावर टपटप आवाज येतो, पाऊस आला असं वाटून मी दोनदा उठलेय. तिथे एक पाय बाहेर, एक हात बाहेर, पायाकडची दोरी सैल करून क्विल्ट सरळ चादरीसारखी पसरलेली, असंच झोपायला लागतं. पहाटे चारच्या सुमारास जरा गार वाटलं की ओढून घ्यायची. चेन शोधायला नको, पट्टा शोधायला नको. त्या रात्री मला क्विल्टवर खरं प्रेम जडलं, आणि त्या प्रेमातच मी पट्टे कपाटात टाकले.

हर की दूनला जायची वाट सुंदर आहे, पण तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, सांकरी, तालुका, ओसला, लाकडी घरं, समोर स्वर्गारोहिणी, पांडव त्या वाटेने स्वर्गात गेले म्हणतात, हे सगळं इतरांनी लिहून झालंय. मला फक्त त्या रात्रीचं सांगायचंय. झोपताना मी क्विल्टच्या दोन्ही कडा अंगाखाली खोचल्या, लहानपणी आई खोचायची तशा. पाठीवर पडून राहिले तोवर स्वर्ग. दहा मिनिटांत पाय गरम, पोट गरम, मी मनात म्हटलं बघ, पट्ट्यांवाचून काही अडत नाही. आणि मग मी कुशीवर वळले.

हे जरा बारकाईने सांगते कारण सगळी गोम इथेच आहे. माणूस कुशीवर वळतो तेव्हा त्याची रुंदी कमी होते आणि उंची वाढते. खांदा वर येतो, पांघरूण त्याच्याबरोबर वर उचललं जातं, आणि पाठीमागे खोचलेली कड अलगद सुटते. आवाज नाही, ओढ नाही, काही नाही. दोन सेकंद काही कळत नाही, आणि मग कमरेच्या वरच्या खळग्यात, जिथे स्वेटर नेमका वर सरकलेला असतो, तिथून गार पाण्याची धार सोडावी तशी हवा आत शिरते. तुम्ही दचकून मागे हात घालता, कड ओढता, त्या ओढण्याने पुढची कड सुटते. शिवाय प्रत्येक हालचालीला क्विल्ट लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली होते, आतली तापवलेली हवा बाहेर आणि बाहेरची उणे चारची आत. मी झोपेत किती वेळा वळते हे मी कधी मोजलं नव्हतं. त्या रात्री मोजलं. साडेनऊ ते दीड, चौदा वेळा.

म्हणून नाडी. क्विल्टच्या कडेला कापडाचे छोटे फास शिवलेले असतात. मी नाडी मॅटखालून कमरेच्या रेषेत घातली आणि दोन्ही टोकं दोन बाजूंच्या फासांना बांधली. आणि खरंच सांगते, फरक इतका होता की मला रडू आलं असतं. आत वळले, क्विल्ट जागेवर. मागे हात घातला, कड मॅटला चिकटून. झोप लागली.

तीनला जाग आली ती लघवीला. आता ही नाडी मी निरगाठ मारून बांधलेली होती. बोटं बधिर, टॉर्च कुठे तरी पायाशी, मी अर्धवट बसलेली, आणि मॅट माझ्या कमरेला पाठीमागून लटकलेली, कासवासारखी. दादाची झोप तेव्हा मोडली, माझ्या शिव्यांनी. तंबूच्या बाहेरून म्हणाला, "काय गो, अस्वल आलं काय?"

दादाचं या बाबतीतलं मत आधीपासून पक्कं आहे, पट्टे म्हणजे फॅड, कंपन्यांनी विकायला काढलेली टूम. आणि मला हे लिहिताना त्रास होतोय पण त्याच्या पुरतं त्याचं खरं आहे. तो पाठीवर पडतो आणि सकाळी त्याच जागी त्याच अवस्थेत उठतो, फणसाच्या ओंडक्यासारखा. त्याच्या अंगावर वर्तमानपत्र टाकलं तरी ते सकाळपर्यंत सरकणार नाही. पट्टे हवेत की नकोत यावर लोक हिरिरीने भांडतात ते मी वाचलंय, मला वाटतं त्यातले अर्धे दादासारखे झोपणारे आणि अर्धे माझ्यासारखे, आणि कुणीच आधी हे विचारत नाही की तू झोपतोस कसा. काही जण पांघरुणासकट वळतात, गुंडाळून घेतात, त्यांना पट्टा बांधला तर रात्रभर कुणी तरी धरून ठेवल्यासारखं होईल. काही पांघरुणाच्या आत वळतात. मी आतवाली. स्लीपिंग बॅगेत मला नेहमी त्रास व्हायचा तो हाच, मी वळायचे तेव्हा बॅगही वळायची आणि टोपीचं तोंड माझ्या कानावर यायचं.

आणि एक, बायकांसाठी. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे जे आकडे असतात त्यात कम्फर्टचा आकडा हा साधारण बाईच्या हिशेबाने काढतात आणि लिमिटचा पुरुषाच्या हिशेबाने, तशी चाचणीची पद्धतच आहे. क्विल्टवर बहुतेक वेळा एकच आकडा असतो आणि तो कंपनीने आपल्या अंदाजाने दिलेला. दादाची आणि माझी क्विल्ट अगदी सारखीच, आकडा एकच, तो घोरतोय आणि मी नाडी ओढतेय. तेव्हापासून मी त्या आकड्यात मनातल्या मनात पाच-सहा अंश मिळवते. खालच्या मॅटचाही आकडा असतो, आर-व्हॅल्यू, तो जितका जास्त तितका जमिनीचा गारवा कमी. साध्या फोमच्या मॅटला दोनच्या आसपास, आमच्या भाटात तेवढं पुष्कळ, बर्फाच्या बाजूला चारच्या वर हवं. ते कमी असेल तर वर कितीही पट्टे आवळा, पाठ गारच राहणार.

घरी आले तर मूळच्या दोनातला एक पट्टा आईने नारळाच्या पोत्याचं तोंड बांधायला वापरलेला. "एवढीशी चिंधी ती, मला काय माहीत," इति आई. दुसऱ्याचं बक्कल तसंही कुशीवर झोपलं की ढुंगणाला टोचायचं, तेव्हा म्हटलं नवेच करू. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले, चोणक-सुंगटांच्या, म्हणजे मासळीच्या, वासातून वाट काढत, आणि एका दुकानात चार मीटर इलॅस्टिक आणि चार छोटी प्लास्टिकची बक्कलं घेतली. शिंप्याने विचारलं कमरेचं माप किती. म्हटलं १०६ सेंटीमीटर. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मी सांगितलं माझं नाही, गादीचं. मग त्याला ते भलतंच आवडलं. हिशेब असा की माझी मॅट ५१ सेंटीमीटर रुंद आणि ८ जाड, म्हणजे भोवताली साधारण ११८ होतात, इलॅस्टिक जरा ताणून बसायला हवं म्हणून दहा टक्के कमी. त्याहून घट्ट केलं तर मॅटच्या कडा वर उचलतात आणि तुम्ही होडीत झोपता. मॅट अर्धी फुगवून पट्टे चढवायचे आणि मग उरलेली हवा भरायची, उलट केलं की बोटं सोलतात. बक्कल बरोबर कडेला येईल असं मी त्याच्याकडून शिवून घेतलं, आणि एका बाजूला टिचबटण, म्हणजे अंधारात एका हाताने खेचलं की सुटलं. तीनच्या फेरीचा धडा. शिलाईचे पन्नास रुपये घेतले. वर म्हणाला आणखी कुणाला हवे असतील तर पाठवा.

पट्टे मिळाले म्हणजे बांधता आले असं नाही. मी आधी क्विल्ट घुमट या वाद्यावर चामडं ताणतात तशी ताणून बांधली, मस्त गुळगुळीत दिसत होती. पण ताणलेल्या कापडाखाली गुडघा आणि खांदा वर आले की तिथली पिसं दबतात, आणि दबलेली पिसं म्हणजे पुन्हा पापड. शिवाय माणूस मॅटच्या मधोमध झोपलेला आणि क्विल्ट दोन्ही कडांना तंबूसारखी ताठ, मधल्या पोकळीत आपण काय तापवणार. पट्ट्यावर क्लिप पुढे-मागे सरकवता येते, ती सरकवून दोन्ही कडा आत, जवळजवळ पाठीखाली आणायच्या आणि वरचं कापड ढिलं ठेवायचं, हे मला तिसऱ्या खेपेला उमगलं. कमरेपाशी एक पट्टा, खांद्याच्या जरा खाली एक. पायाकडे पिशवी असतेच, तिथे पट्टा लागत नाही. मानेपाशी बटण लावून दोरी ओढायची. आणि डोक्याला माकडटोपी, बाबांची, तपकिरी.

याला दुसरा इलाज आहे आणि तो मला मान्य आहे, रुंद क्विल्ट घ्यायची. वीतभर जादा कापड असेल तर वळलं तरी कड सुटत नाही, पट्ट्यांचं नाव नको. पण ते वीतभर कापड आणि त्यातली पिसं यांचं वजन माझ्या हिशेबाने पट्ट्यांच्या दुप्पट होतं, आणि ते कपाटात ठेवून जाता येत नाही. दादा म्हणतो हे सगळं मी फक्त वाद जिंकायला शोधून काढलंय. असेल.

आपण अंथरूण-पांघरूण म्हणतो ना, जोडून, जशी भाजी-भाकरी. स्लीपिंग बॅगेने त्या दोघांचं एकच करून टाकलं होतं, क्विल्टने पुन्हा वेगळं केलं, आणि पट्टा म्हणजे त्या दोन शब्दांमधली ती आडवी रेघ आहे असं मला वाटतं. काही ठिकाणी लिहायची, काही ठिकाणी सोडून द्यायची.

आजीला क्विल्ट दाखवली होती. नव्वदी उलटलेली, डोळ्यांना कमी दिसतं, तिने हातात घेतली आणि दोन-तीनदा वर-खाली केली, भाजीवालीने पावशेर हिरव्या मिरच्या तोलाव्यात तशी. "यात काय घातलंय?" म्हटलं बदकाची पिसं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उडून जाईल गो ही. कडेला दगड ठेव." आता पिसांची ही वस्तू आमच्या दमट हवेत तशी चुकीचीच आहे, दंवाने ओलसर झाली की पिसांचे गोळे होतात आणि फुगवटा जातो, गोव्यापुरतं म्हणाल तर सिंथेटिक भरलेली जास्त शहाणपणाची. मी दर वेळी भाटातून आल्यावर अंगणात दोरीवर टाकते, दुपारभर उन्हात, शेजारी आजीची वाकळ, आणि संध्याकाळी दोन्ही झटकून आत घेते. वाकळ झटकायला अजूनही दोघं लागतात.

गेल्या डिसेंबरात भाचीला भाटात घेऊन गेले. नऊ वर्षांची, पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार म्हणून दोन दिवस आधीपासून पिशवी भरून बसलेली. दोन मॅटा शेजारी-शेजारी ठेवल्या तर त्या रात्रभर सरकून मधे फट पडते, तेव्हा मी म्हापशाचे दोन्ही पट्टे एकाला एक जोडून दोन्ही मॅटांभोवती फिरवले आणि मस्त डबल गादी केली. क्विल्ट पूर्ण उघडून दोघींवर आडवी घातली, बांधली नाही. थर्मामीटरवर १७. तिने गव्यांबद्दल विचारलं, भाटात येतात का, म्हटलं येतात, आपल्याला बघून जातात. मग आजीबद्दल, मग शाळेतल्या कुणाबद्दल, आणि बोलता बोलता मधेच झोपली. मी जरा वेळ पत्र्यावरचं दंव ऐकत पडले. साडेपाचला जाग आली तेव्हा क्विल्ट सगळी तिच्याकडे, ती त्यात हळदीच्या पानातल्या पातोळीसारखी गुंडाळलेली, फक्त नाक बाहेर, आणि मी कडेला, गुडघे पोटाशी घेऊन, पट्ट्यावर.